गोष्टीतला बाप कुठे होता?

श्रावणातली झड लागली, डवरणी थांबली आणि सातपुड्याचा माथा ढगांत दिसेनासा झाला, की आमच्या संग्रामपुरात लहान मुलांना घरात कोंडून ठेवणे मोठ्यांना जड जाते. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दहाबारा मुले माझ्या ओसरीवर येऊन बसतात आणि मी त्यांना गोष्ट वाचून दाखवतो, असा क्रम माझ्या निवृत्तीपासून चालत आला आहे. गेल्या श्रावणात मी त्यांना ग्रिम बंधूंची हॅन्सेल आणि ग्रेटेल यांची गोष्ट, एका अलीकडच्या मराठी रूपांतरातून, वाचून दाखवली. रूपांतरकाराने मुलांना मराठी नावे दिली होती, लाकूडतोड्याच्या डोक्यास पागोटे बांधले होते, पावाच्या तुकड्यांच्या जागी भाकरीचा चुरा आणला होता, आणि हे सर्व त्याने मोठ्या मायेने केले होते. सावत्र आई मुलांना रानात सोडून देण्याचा बेत करते, त्या प्रसंगाशी मी पोहोचलो तेव्हा ओसरीवरच्या चारसहा माना एकदम एका मुलीकडे वळल्या. ती नऊ वर्षांची; आई वारलेली; आणि बापाने पुन्हा लग्न करून आणलेली बाई त्याच वेळी दारात, एका हातात त्या मुलीचे दप्तर नि दुसऱ्यात ओली छत्री घेऊन, तिला न्यायला उभी होती. मुलीने त्या माना वळलेल्या पाहिल्या, थोडा वेळ फरशीकडे पाहिले, आणि मग मला विचारले, ‘‘मंग त्याइचा बाप कुठी होता?’’

बाप तिथेच होता. त्याच खाटेवर, त्याच काळोखात, बायकोचे बोलणे ऐकत होता. त्याने आधी नको म्हटले, मग होय म्हटले, आणि सकाळी कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो मुलांना घेऊन स्वतः रानात गेला. हे सारे पुस्तकात छापलेले होते आणि मी ते नुकतेच मोठ्याने वाचलेही होते. तथापि त्या मुलीने विचारीपर्यंत ते मला ऐकू आले नव्हते, आणि माझी खात्री आहे की आपल्यापैकी बहुतेकांनी ही गोष्ट लहानपणापासून अशीच, बापाला वगळून, ऐकलेली आहे.

माझी उभी हयात महसुलाच्या दफ्तरात गेली. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जेव्हा एखाद्या अज्ञान वारसाचे नाव लागते, तेव्हा त्याच्यापुढे ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरे लिहून कोणा वडीलधाऱ्याचे नाव घालावे लागते. अज्ञान पालनकर्ता, असा त्या अक्षरांचा अर्थ. बाप गेलेल्या कितीतरी लेकरांच्या नावांपुढे मी ती अक्षरे लिहिली आहेत आणि पुढे आई, आजा, चुलता, मामा असे नाते लिहून फेरफार मंजुरीस ठेवला आहे. त्या नोंदीने जमिनीचे रक्षण होते. लेकराला त्या घरात पोटभर जेवायला मिळते की नाही, रात्री त्याला कोणत्या खोलीत निजवतात, त्याच्या पाठीवर वळ आहेत की काय, याची चौकशी त्या रकान्यात नसते, आणि ती तिथे असावी असे माझे म्हणणेही नाही. परंतु ‘पालनकर्ता’ हा शब्द वारंवार लिहिल्यामुळे एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली, ती अशी की पालकत्व हा अखत्यार आहे. ज्याच्या हाती तो आहे त्याचे मौन हेदेखील एक कृत्य असते, आणि त्या कृत्याचा जाब विचारता आला पाहिजे.

कायद्याने हे फार स्पष्ट सांगितले आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या 6 व्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून प्रथम बापाचे, नंतर आईचे नाव घेतले आहे, आणि त्याच कलमाखालच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की ‘बाप’ आणि ‘आई’ या शब्दांत सावत्र बाप व सावत्र आई यांचा समावेश होत नाही. म्हणजे आपल्या गोष्टींत जिच्यावर सगळा गुन्हा लादला जातो, तिला कायद्याच्या दृष्टीने त्या लेकराचे नैसर्गिक पालकत्वच नाही. ते ज्याच्याकडे आहे तो गोष्टीत खाटेवर पडून असतो. सावत्र आईने केलेला छळ यामुळे क्षम्य ठरतो असे मी म्हणत नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे 75 वे कलम, लेकरू ज्याच्या ताब्यात आहे अशा कोणाही माणसाला, मग तो सख्खा असो वा सावत्र, मारहाण केल्याबद्दल, टाकून दिल्याबद्दल किंवा बुद्धिपुरस्सर हेळसांड केल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही सांगते. मारणारा हात आणि टाकून देणारा हात एकाच कलमात बसवण्याइतके शहाणपण कायद्याला सुचले. आपल्या गोष्टी नव्याने सांगणाऱ्यांना ते अद्याप सुचावयाचे आहे.

आणि हे केवळ आपल्याकडचे नव्हे. ग्रिम बंधूंनी 1812 साली आपल्या संग्रहाचा पहिला भाग प्रसिद्ध केला तेव्हा हिमगौरीच्या गोष्टीतली दुष्ट राणी ही तिची सख्खी आई होती. पोटच्या मुलीच्या रूपाचा मत्सर करणारी, तिला रानात नेऊन मारण्याचा हुकूम देणारी सख्खी आई! 1819 च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेल यांची आईसुद्धा प्रारंभी सख्खीच होती. तिला सावत्रपण आले ते 1840 च्या आवृत्तीत. घराघरांतून मुले हा संग्रह वाचू लागल्यावर मातृत्वाच्या प्रतिमेस तडा जाऊ नये म्हणून जी दुरुस्ती झाली, तिची किंमत पुढल्या दोनशे वर्षांतल्या सगळ्या सावत्र आयांनी मोजली. पण या साऱ्या दुरुस्त्यांत लाकूडतोड्याला कोणी हात लावला नाही. गोष्टीच्या अखेरीस बायको मेलेली असते, मुले चेटकिणीच्या घरातली रत्ने घेऊन परत येतात आणि धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडतात; आपल्याला रानात सोडून आलास तो का, असा एक शब्दही ती विचारीत नाहीत. ज्या गोष्टीत बापच संकट असतो, ती तर मुलांच्या संग्रहांतून सहसा वगळलीच जाते: फ्रान्समध्ये शार्ल पेरो याने 1694 साली पद्यात सांगितलेली राजकन्येची गोष्ट, जीत तिला खुद्द आपल्या बापापासून गाढवाचे कातडे पांघरून पळून जावे लागते, ती त्याच्याच सिंड्रेलाइतकी आपल्या कानी का पडली नाही याचा विचार वाचकांनी करून पाहावा.

आपल्या प्रांतातले उदाहरण घ्यावयाचे तर 1868 साली मेरी फ्रियर यांनी ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने प्रसिद्ध केलेला संग्रह घ्यावा. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची ही कन्या. आणि तिला गोष्टी सांगणारी ॲना लिबेराटा डिसोझा ही तिच्याकडे आया म्हणून असलेली बाई, जिचे आजोबा गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झालेले लिंगायत होते. त्या संग्रहातली पंचकिनाची गोष्ट जगभर गाजली, कारण तीत जादूगाराचा प्राण दूर कोठे एका पोपटात ठेवलेला असतो, आणि पोपटातला प्राण ही कल्पना एकदा ऐकली की विसरता येत नाही. परंतु त्या गोष्टीचा आरंभ कोणाला आठवतो? सात राजकन्यांची आई मरते, राजा प्रधानाच्या विधवेशी लग्न करतो, ती मुलींना उपाशी ठेवते, मुली आईच्या थडग्यापाशी जाऊन रडतात, आणि शेवटी त्यांना रानात नेऊन सोडणारा तो राजा असतो. जादूगार येण्यापूर्वीच त्या मुलींवर जे व्हायचे ते घरात होऊन गेलेले असते. पोपटाची मान मुरगळली की जादूगार मरतो आणि ऐकणारा निःश्वास टाकतो. राजाच्या वाट्याला काय आले, हे त्या निःश्वासात कोणी विचारीत नाही.

साने गुरुजींनी सांगितलेली सोनसाखळी तर मराठी घरांतली. सावत्र आईच्या हातून बाप घरी नसताना मारली गेलेली, मातीत पुरलेली ती मुलगी डाळिंबाच्या फळातून परत येते, हे लहानपणी ऐकताना अंगावर काटा आला नाही असे मराठी मूल विरळा. गुरुजींच्या करुणेविषयी शंका घेण्याचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही. मला त्या गोष्टीत आजही जे जाळते ते हे की जिवंत मुलीची फिर्याद ऐकून घ्यायला त्या घरात कोणी नव्हते. तिला बोलता आले ते फळ होऊन. आज 1098 हा क्रमांक फिरवला तर लेकराची हाक ऐकणारे कोणीतरी पलीकडे असते. पण क्रमांक फिरवण्याआधी, आपल्यावर होते आहे ते सांगण्यासारखे आहे, सांगितले तर तो आपला द्रोह ठरत नाही, एवढे त्या लेकराला कळावे लागते, आणि हे कळवण्याचे काम सरकारी फलकापेक्षा गोष्ट अधिक चांगले करू शकते.

येथे कोणी म्हणेल की आपल्या परंपरेत वडिलांना जाब विचारण्याची रीत नाही. ही समजूत निखालस चुकीची आहे. ध्रुवाची गोष्ट घ्या. शाळेच्या पुस्तकांतून आणि गोष्टींच्या कॅसेटींतून आपण ऐकला तो ध्रुव सुरुचीने बापाच्या मांडीवर बसू न दिलेला, रागाने रानात गेलेला आणि अढळपद मिळवलेला बाळ. खलनायिका एक, सुरुची. पण भागवताच्या चौथ्या स्कंधात उत्तानपाद राजाची जी मूर्ती उभी केली आहे, ती या रूपांतरांतून जवळजवळ पुसली गेली आहे. सुरुची बोलत असता राजा नुसता पाहत राहतो, त्याची वाचा बसलेली असते, आणि मूल रडत त्याच्यासमोरून निघून जाते, हे पुराणकाराने मुद्दाम नमूद केले आहे. एवढ्यावर तो थांबत नाही. पुढे नारद राजाकडे येतात तेव्हा राजा स्वतःच्या तोंडाने कबुली देतो की पाच वर्षांच्या लेकराला मी घराबाहेर जाऊ दिले, मी कठोर झालो, मांडीवर बसू पाहणाऱ्या पोराला मी जवळ घेतले नाही. बापाची ही जबानी पुराणाने दफ्तरात दाखल केली. आणि ती फाडून टाकली कोणी, तर मुलांच्या हिताच्या नावाखाली गोष्ट ‘सोपी’ करणाऱ्या आपण आधुनिकांनी.

अलीकडे खलांना नव्याने सांगण्याची आणखी एक तऱ्हा रूढ झाली आहे. दुष्ट व्यक्ती दुष्ट का झाली याचा इतिहास देऊन तिलाच नायिका करावयाचे. 2014 चा ‘मॅलेफिसन्ट’ हा चित्रपट आमच्याकडच्या मुलांनीही मोबाइलवर पाहिला आहे. दुष्टपणालाही कारण असते, हे मुलांना समजावे, यात वाईट काही नाही. मात्र खलाच्या जुन्या जखमेची कैफियत इतकी लांबवावी की लेकराच्या ताज्या जखमेकडे पाहण्यास कोणाला सवडच राहू नये, हा न्याय नव्हे. आणि ज्याची कैफियत ऐकावयाची तो नेहमी कोणी दिमाखदार, शिंगे असलेला, पंख तुटलेला खल असतो. घरातल्या सौम्य, गप्प, सर्वांना भला वाटणाऱ्या पालकाची कैफियत घ्यावी असे या नव्या रूपांतरकारांनाही वाटत नाही. रानातली चेटकीण रंगवणे सोपे आहे, आणि तिचे आपले एक स्थान आहेच. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी उभी केली आणि पुढे 2018 मध्ये वैभव मांगले यांनी पुन्हा उभी केली, तेव्हा नाट्यगृहातली मुले किंचाळत होती नि हसतही होती, कारण ती चेटकीण पडदा पडल्यावर आपल्या घरी येणार नाही हे त्यांना ठाऊक होते. भयाची ती खेळीमेळी बालमनाला हवी असते, आणि मतकरींनी मराठी मुलांना ती दिली हे त्यांचे ऋण आहे. पण जे भय पडदा पडल्यावर घरीच वाट पाहत असते, त्याचे काय?

ते किती घरांत वाट पाहते, याचा एक अंदाज केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. महाराष्ट्रासह 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून केलेल्या त्या अभ्यासात दर तीन मुलांमागे दोघांनी आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्के मुलांना तो आईकडून किंवा बापाकडून मिळालेला होता. सख्ख्या आईकडून, सख्ख्या बापाकडून. सावत्रपणाच्या भिंतीआड आपण जे लपवीत आलो ते या एका आकड्याने उघडे पाडले आहे.

आमच्या भागापुरते मी आणखी एक सांगतो. खारपाणपट्ट्यातली कोरडवाहू शेती, कर्ज, नापिकी, आणि त्यांतून उजाडलेली घरे यांच्यामुळे येथे आजीआजोबांकडे, काकाकडे, मामाकडे वाढणारी मुले प्रत्येक गल्लीत आहेत. कामासाठी परमुलखी गेलेल्या आईबापांनी मागे ठेवलेलीही आहेत. अशा लेकराचे डोके मांडीवर घेऊन त्याच्या उवा काढणाऱ्या, शाळेची फी भरायला स्वतःच्या कानातले मोडणाऱ्या मावश्या, काकवा आणि सावत्र आया मी पाहिल्या आहेत. त्या बायांना आपली गोष्ट कोणता मोबदला देते? प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक मालिकेत, प्रत्येक बालनाट्यात त्यांच्याच नात्याच्या बाईला चेटकिणीच्या शेजारी उभे केले जाते, आणि त्यांनी वाढवलेले मूल ते पाहत बसते. माझ्या दारात ओली छत्री घेऊन उभी असलेली ती बाई मी गोष्ट संपवीपर्यंत आत आली नाही. गोष्ट संपल्यावर तिने मुलीच्या पायांत चपला सरकवल्या, दप्तर आपल्याच खांद्यावर ठेवले आणि दोघी पावसातून गेल्या. पुढच्या शनिवारी मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आली, एकटी.

म्हणून रूपांतरकारांना, प्रकाशकांना आणि माझ्यासारख्या ओसरीवरच्या कथेकऱ्यांना माझी विनंती अशी आहे की, खलांना बोथट करू नका आणि गोष्टींतले क्रौर्य धुऊन काढू नका. मुलांना ते क्रौर्य सोसते, कारण त्यांतली कित्येक ते ओळखतात. फक्त बापाला गोष्टीत परत आणा. तो खाटेवर होता तर तो खाटेवर होता असे सांगा. त्याने होय म्हटले तर त्याच्या तोंडचे होय मोठ्याने वाचा. आणि मुले परत येऊन त्याच्या गळ्यात पडण्यापूर्वी त्याला काही बोलायला लावा. यासाठी नवे काही रचण्याची गरजही नाही. आपल्या घरातल्या आयाबाया श्रावणात हातात अक्षता धरून ज्या कहाण्या ऐकत आल्या, त्यांत हे सारे आहे.

शिळासप्तमीची कहाणी मी त्या एकट्या आलेल्या मुलीला आणि इतरांना मुद्दाम सांगितली. ज्या तालुक्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि वान धरणाचे पाणी 140 गावांना पोहोचवण्याची योजना हा रोजच्या बोलण्याचा विषय आहे, त्या तालुक्यातल्या मुलांना कोरड्या तळ्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. राजा तळे बांधतो, त्याला पाणी लागत नाही. जलदेवता सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागतात. राजा सुनेला माहेरी धाडतो आणि नातवाला ठेवून घेतो. मग चांगला दिवस पाहून त्याला न्हाऊमाखू घालतात, जेवू घालतात, अंगावर दागिने घालतात, पलंगावर निजवतात, आणि तो पलंग तळ्यात नेऊन ठेवतात. तळे भरते. येथे सावत्र कोणी नाही, चेटकीण नाही, न्हाऊ घालणारे हात सख्ख्या आजोबाच्या घरचेच आहेत. पुढे सून सप्तमीला परत येताना त्याच तळ्याच्या काठी पूजा करते आणि तिचा मुलगा पाण्यातून येऊन तिचे पाय ओढतो. ती त्याला कडेवर घेऊन घरी येते. आणि राजा, जो सासरा आहे, राजा आहे, वडीलधारा आहे, तो सुनेच्या पाया पडतो आणि तिला सांगतो की तुझा मुलगा आम्ही बळी दिला होता. कहाणीने त्याच्या तोंडून ते पूर्ण वाक्य वदवले आहे, एकही शब्द न गाळता, सर्व घरासमोर.

मी थांबलो. कहाणी येथे पुढे सरकते, पण मला मुलांना विचारायचे होते. राजाने सांगितले, हे चांगले केले का? बहुतेकांनी चांगले केले म्हटले. एकाने विचारले की सून मग पुन्हा माहेरी गेली असेल का. त्या नऊ वर्षांच्या मुलीने बराच वेळ काही म्हटले नाही. बाहेर पाऊस उघडला होता आणि दारात ती बाई, या वेळी उंबऱ्याच्या आत, पाटावर बसलेली होती. मुलीने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

‘‘राजा काहीबी म्हणो,’’ ती म्हणाली, ‘‘थो पोरगा आता त्या पलंगावर निजनार नाई.’’